फेटलिंगला माणूस का टिकत नव्हता: शिरोलीतल्या एका फौंड्रीचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या फौंड्रीचं, म्हणजे लोखंडाचे भाग ओतणाऱ्या कारखान्याचं, आहे. मालक, ठेकेदार आणि ग्राहक ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कारखान्याचे आकडे ढोबळ दिले आहेत. काळ कोविडनंतरचा आणि २१ नोव्हेंबर २०२५ला नव्या कामगार संहिता लागू होण्याआधीचा आहे, त्यामुळे कायद्याचे संदर्भ जुन्या कायद्यांचे आहेत. मजुरी आणि कायद्याच्या बाजूने सल्ला देण्यासाठी मला बोलावलं होतं, पण कामाचा बराच भाग कायद्याच्या बाहेरचा निघाला.

पार्श्वभूमी

कोल्हापूरचं ओतकाम शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर वाढलं. पुढे ते शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत पसरलं. या फौंड्रीची वाटही तीच. वडिलांनी उद्यमनगरात कोकच्या कपोल्यावर, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीवर, सुरू केलेलं काम मुलाने शिरोलीत आणलं आणि विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली. आज तिथे ट्रॅक्टरचे, पंपांचे आणि व्हॉल्व्हचे बिडाचे भाग ओतले जातात.

माणसं दीडशेच्या आसपास. भट्टी, मोल्डिंग (वाळूचे साचे करणं) आणि कोअर शॉपमधले (आतल्या पोकळीसाठीचे वाळूचे गाभे करणारे) बहुतेक जण करवीर, हातकणंगले, पन्हाळा तालुक्यातल्या गावांतले, कंपनीच्या हजेरीपटावरचे. अनेकांची थोडीफार शेती आहे. सकाळी डेअरीला दूध घालून मोटरसायकलवर कामाला येतात. फेटलिंगची, म्हणजे ओतलेला माल साफ करणारी, चाळीसएक माणसं मात्र ठेकेदाराची. ती बिहार, झारखंड आणि पूर्व उत्तर प्रदेशातून येतात आणि शिरोली पुलाची, नागाव, टोप भागात खोल्या घेऊन राहतात.

फेटलिंग म्हणजे काय, हे फौंड्रीबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साच्यातून काढलेलं कास्टिंग जसंच्या तसं गिऱ्हाइकाला देता येत नाही. त्याला रनर आणि रायझरचे, म्हणजे साच्यात रस जाण्या-साठण्याच्या वाटांत गोठलेले, तुकडे चिकटलेले असतात, अंगाला जळकी वाळू असते, आणि साच्याचा वरचा व खालचा बॉक्स जिथे जुळतात त्या सांध्यातून लोखंडाचा एक पातळ पदर बाहेर आलेला असतो. त्याला शॉपमध्ये फ्लॅश म्हणतात. हे सगळं तोडून, छिन्नीने उडवून, ग्राइंडरने घासून कास्टिंग साफ करायचं. धूळ, ठिणग्या, कानठळ्या बसवणारा आवाज. दिवसभर ग्राइंडर धरलेल्या हातांना रात्रीपर्यंत मुंग्या येतात. फौंड्रीतलं सर्वांत कमी मानाचं काम हेच.

अडचण

मालकांची तक्रार होती की फेटलिंगला माणसं मिळेनात. ओतकाम ठरल्याप्रमाणे होत होतं, पण साफ न झालेल्या कास्टिंगचे ढीग शेडच्या बाहेर पावसात गंजत होते. ट्रॅक्टर कंपनीला माल जोडणीच्या वेळापत्रकानुसार लागतो. दोनदा माल उशिरा गेला, तिसऱ्यांदा ग्राहकाने लेखी इशारा दिला. महिनाअखेरीला मोल्डिंगची माणसं ओढून फेटलिंगला लावायची आणि मग मोल्डिंग मागे पडायचं, असं चक्र सुरू झालं.

कारणं सगळ्यांना पाठ होती. फुकटचं रेशन मिळतं, पोरांना मोबाईल सोडवत नाही, कष्ट नकोत, बिहारलाच आता कामं मिळतात. कुठल्याही एमआयडीसीच्या चहाच्या टपरीवर ही यादी ऐकायला मिळते. तिच्यात तथ्य किती हा वेगळा प्रश्न आहे. माझी अडचण अशी की यातलं एकही कारण मालकाच्या हातातलं नाही, आणि बहुधा म्हणूनच ती यादी इतकी आवडती आहे.

स्थानिक तरुण का येत नाहीत, याचं उत्तर मात्र स्पष्ट होतं आणि ते आळसात नव्हतं. या भागात लग्न ठरताना मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरी कायम आहे का, हाच विचारतात. ठेकेदाराकडे ग्राइंडर चालवतो असं सांगणाऱ्याची सोयरीक जुळत नाही. त्यापेक्षा मुलगा दोन वर्षं पोलीस भरतीचा सराव करेल, पुण्याला डिलिव्हरीच्या कामाला जाईल, चाकणला कंपनीचा गणवेश घालून कमी पैशात राहील. त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर हा हिशेब बरोबरच आहे.

गेटवरच्या वहीत काय होतं

पहिलं ठोस काम झालं ते गेटवरची नोंदवही, ठेकेदाराचा हजेरीपट आणि त्याची बिलं शेजारी शेजारी ठेवण्याचं. एचआरच्या मुलीने आठवडाभर बसून गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक माणसाची येण्याची आणि जाण्याची तारीख लिहून काढली.

चाळीस जागांसाठी वर्षात शंभराहून जास्त माणसं आली होती. म्हणजे माणसं मिळत होती, टिकत नव्हती. गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या महिना-दीड महिन्यातच गेलेले. त्यातही दोन ठिकाणी गळती जास्त: एक पहिल्या दहा-पंधरा दिवसांत आणि दुसरी पहिला पगार हातात पडल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत. उलट ज्यांनी सहा महिने काढले होते ते तीन-चार वर्षं राहिलेले दिसत होते.

या शेवटच्या ओळीने चर्चेची दिशा बदलली. काम जड आहे म्हणून माणूस जातो असं असतं, तर जुनी माणसंही गेली असती. काम सगळ्यांना तेवढंच जड होतं. मग नव्या माणसाच्या पहिल्या महिन्यात असं काय होतं, जे जुन्याच्या वाट्याला येत नव्हतं?

याचं उत्तर वहीत नव्हतं. त्यासाठी सोडून गेलेल्यांना गाठलं. त्यातले बरेच जण गावाला गेलेच नव्हते, दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या फौंड्रीत ग्राइंडरच चालवत होते. एचआरची मुलगी आणि हिंदी चांगलं बोलणारा एक स्टोअरकीपर सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोल्यांवर गेले. कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीत बसवून विचारलं असतं तर घरची अडचण हेच उत्तर मिळालं असतं.

त्यांच्या बोलण्यातून तीन गोष्टी पुढे आल्या.

पहिली, कामाची वाटणी. फेटलिंगची मजुरी किलोवर होती. दर सगळ्यांना एकच, म्हणून वरवर न्याय्य. पण चाळीस किलोचं एक हाउसिंग आणि दोन-दोन किलोचे वीस ब्रॅकेट, वजन तेवढंच असलं तरी काम सारखं नाही. हाउसिंगला एक सांधा घासायचा. ब्रॅकेटला वीस सांधे, वीस रनर, वीस वेळा उचलून ठेवणं. व्हॉल्व्हच्या बॉडीत तर आतल्या पोकळीतून छिन्नी घालून फ्लॅश काढावा लागतो. कोणाला काय द्यायचं हे ठेकेदाराचा मुकादम ठरवायचा आणि जड माल त्याच्या गावच्या जुन्या माणसांकडे जायचा. नव्याला किरकोळ माल. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्यालाच सर्वांत किचकट आणि सर्वांत कमी पैशाचं काम. पहिला पगार पाहून तो निघून गेला यात नवल काय?

दुसरी गोष्ट पगाराच्या तारखेची. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मजुरी दिली पाहिजे, असं वेतन प्रदान अधिनियम १९३६ सांगतो. इथे ती सतरा-अठराला मिळायची. महिन्याच्या मध्याला आलेल्या माणसाला पहिले पैसे दिसायला महिन्याहून जास्त काळ जायचा. तोवर खाणं, खोलीभाडं, घरी पाठवायचे पैसे, सगळं ठेकेदाराच्या उचलीवर. पगाराच्या दिवशी उचल वजा होऊन हातात जे पडायचं त्याचा कागद नसायचा. जादा तासांचे पैसे साध्या दराने मिळायचे. कारखाने अधिनियम १९४८च्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर आहे, हे त्यांच्यातल्या कोणाला माहीत नव्हतं. पण समोरच्या फौंड्रीत पगार वेळेवर होतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसरी गोष्ट कोणाच्याच अंदाजात नव्हती. दोघा-तिघांनी सांगितलं की अलीकडे माल खराब येतो, फ्लॅश जाड असतो. जनरल मॅनेजरने आधी ते उडवून लावलं. मग शॉपमध्ये जाऊन पाहिलं तर मोल्डिंग बॉक्सच्या पिना आणि बुश झिजले होते, दोन बॉक्स नीट जुळत नव्हते आणि सांध्यातून लोखंड हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त बाहेर येत होतं. मोल्डिंगच्या लोकांना इन्सेंटिव्ह होता शिफ्टमधल्या बॉक्सच्या संख्येवर. पिना बदलायला लाइन थांबवली की संख्या कमी होते, म्हणून कोणी थांबवत नव्हतं. जाड फ्लॅश घासायला जास्त वेळ लागायचा आणि घासून पडलेल्या चुऱ्याचं वजन फेटलरच्या किलोत धरलं जात नव्हतं. मोल्डिंगच्या इन्सेंटिव्हची किंमत फेटलिंगचा माणूस आपल्या मजुरीतून मोजत होता. या साखळीकडे कोणी पाहिलंच नव्हतं, कारण मोल्डिंग कंपनीचं आणि फेटलिंग ठेकेदाराचं. मधल्या भिंतीपलीकडचा त्रास कंपनीच्या कुठल्याच कागदावर येत नव्हता.

समोरचे पर्याय

दर वाढवणं हा सगळ्यांच्या मनातला पहिला पर्याय. मालकांना फोर्डची गोष्ट माहीत होती. पगार दुप्पट केला आणि माणसं टिकली, एवढीच. ती पूर्ण ऐकण्यासारखी आहे. डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ साली सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षात ५२ हजार माणसं घ्यावी लागत होती. जानेवारी १९१४मध्ये दिवसाला पाच डॉलर जाहीर झाले, हे खरं. पण त्याच्या आधी, १९१३च्या ऑक्टोबरमध्येच, कंपनीने फोरमनचा माणसाला परस्पर काढून टाकण्याचा अधिकार काढून घेतला होता आणि पगाराच्या विस्कळीत श्रेण्या एका शिडीत बसवल्या होत्या. फोर्डकडे दुप्पट पगार देण्याइतका नफाही होता. इथे ग्राहक कास्टिंगचा भाव किलोवर ठरवतो आणि कच्च्या मालाची चढउतार सोडली तर त्यात मजुरीचा बदल सहजी धरत नाही. शिवाय नुसता किलोचा दर वाढवला असता तर जास्तीचा पैसा पुन्हा जड माल मिळणाऱ्यांनाच गेला असता. नवा माणूस होता तिथेच राहिला असता.

दुसरा पर्याय होता मोठी उचल देऊन नव्या ठेकेदाराकरवी आणखी लांबून टोळी आणण्याचा. ऊसतोडीचा अनुभव असलेल्या या भागात उचलीची पद्धत नवी नाही, आणि उचल घेतलेली माणसं मध्येच निघून गेली की काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. हा पर्याय तासाभरात बाजूला पडला.

तिसरा, यंत्र. कास्टिंग पकडून स्वतःच घासणारी यंत्रं आता कोल्हापुरातही दिसतात. मोठ्या संख्येने एकच भाग काढणाऱ्याला ती परवडतात. इथे शंभराच्या वर वेगवेगळे भाग होते, प्रत्येकाला वेगळं फिक्स्चर, म्हणजे भाग धरून ठेवणारी पकड, लागलं असतं. जास्त चालणाऱ्या दोन-तीन भागांसाठी पुढे विचार करायचं ठरलं.

चौथा, स्थानिक आयटीआयची मुलं. मालकांचा यावर जीव होता. परक्या माणसांवर अवलंबून राहायला नको, आपल्या मुलांना काम मिळावं, अशी त्यांची प्रामाणिक इच्छा होती.

पाचवा पर्याय ठेकेदारी काढून फेटलिंगची माणसं कंपनीच्या पटावर घेण्याचा. याला सगळ्यांत जास्त विरोध झाला, आणि खरा निर्णय इथेच होता.

निर्णयाची जागा: ठेकेदाराचं काय करायचं

एकट्या ठेकेदाराला खलनायक ठरवणं सोपं होतं, पण हिशेब तपासल्यावर ते जमेना. पगार अठराला व्हायचा कारण त्याचं बिल कंपनी पंधराच्या पुढे काढायची. खोल्यांचं डिपॉझिट त्याचं, रेल्वेच्या तिकिटांचे पैसे त्याचे, आजारी माणसाला दवाखान्यात नेणं त्याच्याकडे. कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत खोलीवर अडकलेल्या माणसांना शिधा त्यानेच पुरवला होता. कामगारांच्या नजरेत कंपनी कुठेच नव्हती, जे काही चांगलं-वाईट ते त्याच्याकडून. जड माल स्वतःच्या माणसांना देणं हे त्याच्या दृष्टीने निष्ठेचं बक्षीस होतं.

मधला मार्ग म्हणून जनरल मॅनेजरने सुचवलं की ठेकेदार राहू दे, फक्त मजुरी कंपनीने थेट बँकेत टाकावी आणि कामाची वाटणी कंपनीच्या सुपरवायझरने करावी. ऐकायला शहाणपणाचं, पण ही वाट घसरडी होती. कंत्राटी कामगार अधिनियम १९७०च्या कलम २१ नुसार ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येतेच. पण पगार कंपनी देते, काम कंपनी वाटते, देखरेख कंपनीची आणि ठेकेदार फक्त कागदावर, असं झालं की तो ठेका नावापुरता ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१च्या सेल (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) प्रकरणात हाच मुद्दा मांडला: ठेका खरा की दिखाऊ हे औद्योगिक न्यायाधिकरण तपासेल आणि दिखाऊ निघाला तर माणसं मूळ मालकाचीच धरली जातील. पटावर घ्यायचं नसेल तर कारभारही हातात घेऊ नये. कारभार हातात घ्यायचाच असेल तर उघडपणे पटावर घ्यावं. मी हे एवढ्याच स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि निर्णय मालकांवर सोडला.

मालकांनी पंधरा दिवस घेतले. त्यांच्या भीतीही खऱ्या होत्या. पटावर घेतलं की युनियन येईल, काढता येणार नाही, ग्रॅच्युइटी लागेल, मोल्डिंगचे लोक तुलना करतील. दुसऱ्या पारड्यात होतं ग्राहकाचं पत्र आणि वर्षाला शंभर माणसं नव्याने शिकवण्याचा खर्च, जो आजवर कोणत्याच खात्यात मांडलेला नव्हता: वाया गेलेले ग्राइंडिंग व्हील, नवख्याने खोल घासून भंगारात घातलेली कास्टिंग, सुपरवायझरचा वेळ, मोल्डिंगची माणसं फेटलिंगला लावल्याने न झालेले बॉक्स. हा आकडा ढोबळ काढला तरी ठेकेदाराच्या वर्षभराच्या कमिशनपेक्षा मोठा निघाला.

ठरलं असं की जी माणसं राहायला तयार असतील त्यांना टप्प्याटप्प्याने पटावर घ्यायचं. ठेकेदाराला माल चढवण्या-उतरवण्याचं आणि आवाराच्या सफाईचं काम द्यायचं, त्याची थकलेली बिलं एकरकमी चुकती करायची.

त्याला हे मान्य नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर, माल पाठवण्याची घाई असताना, त्याने सगळी टोळी उचलून नेण्याची भाषा केली. या क्षणी मालक माघार घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं केलं नाही, पण अडूनही बसले नाहीत. सगळ्या माणसांना शेडमध्ये बोलावून, ठेकेदार समोर असताना, स्टोअरकीपरकरवी हिंदीत सांगितलं की ज्याला ठेकेदाराबरोबर जायचं आहे त्याचा आजपर्यंतचा पूर्ण हिशेब सातव्या दिवशी बँकेत जमा होईल आणि ज्याला राहायचं आहे त्याला नेमणुकीचं पत्र मिळेल. जाणाऱ्याचा हिशेब अडवणार नाही, हे ऐकून बरेच जण राहिले, असं नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. नऊ-दहा जण गेले. त्यात बहुतेक जण जड मालावरचे, ठेकेदाराच्या गावचे.

काय केलं

मजुरीची रचना बदलली. कास्टिंगचे तीन गट केले आणि प्रत्येकाला किलोचा वेगळा दर दिला. गट ठरवताना ऑफिसात बसून अंदाज बांधले नाहीत. मुरलेल्या चार फेटलरना वेगवेगळा माल देऊन प्रत्यक्ष वेळ मोजला. त्या चौघांशी घातलेला वाद फार उपयोगी ठरला, कारण आतली पोकळी साफ करायला किती वेळ लागतो हे ड्रॉइंगवरून कळत नाही. नव्या माणसाला पहिले दोन महिने किलोवर नाही, रोजंदारीवर ठेवलं. माल बाकांवर आळीपाळीने फिरायला लागला आणि आजचा माल कोणत्या बाकावर, हे फळ्यावर लिहिलं जाऊ लागलं.

पगार सात तारखेला, चिठ्ठीसह, चिठ्ठी हिंदीत. जादा तास दुप्पट दराने आणि वेगळ्या ओळीत. यामुळे कंपनीने आपोआपच जादा तास कमी केले, आणि मग एक अनपेक्षित तक्रार आली: घरी जास्त पैसे पाठवायचे म्हणून आलोय, बारा तास काम का देत नाही? ही तक्रार पूर्ण मिटली नाही. आठवड्यातून दोन दिवस जादा तास, तेही ज्याला हवे त्याला, अशी तडजोड झाली.

पीएफवरून बराच काथ्याकूट झाला. बारा टक्के कपात कोणालाच नको होती. मागच्या मालकांकडे कापलेले पैसे कधी परत मिळालेच नाहीत, हा जवळजवळ प्रत्येकाचा अनुभव. एचआरच्या मुलीने एकेकाचा मोबाईल घेऊन जुने यूएएन, म्हणजे पीएफचे खातेक्रमांक, शोधले. काहींची दोन-दोन, तीन-तीन खाती निघाली, नावाच्या स्पेलिंगमुळे आधारशी न जुळणारी. ती जोडून, जुनी रक्कम एकत्र करून दाखवल्यावर कपातीबद्दलची कुरकुर बरीच खाली आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात कमीत कमी पैशात झालेलं सगळ्यांत मोठं काम हेच, आणि ते कोणत्याही सल्लागाराने सुचवलेलं नव्हतं.

मोल्डिंगच्या पिना आणि बुश बदलण्याचं वेळापत्रक ठरलं. इन्सेंटिव्ह बॉक्सच्या नुसत्या संख्येवर न देता जाड फ्लॅशचे बॉक्स वजा करून द्यायला सुरुवात झाली. मोल्डिंगची माणसं भडकली. आमच्या पैशातून भैया लोकांचे लाड, अशी भाषा झाली. मग पिनांसाठी लाइन थांबते तो वेळ इन्सेंटिव्हच्या हिशेबातून वगळला, तेव्हा प्रकरण शांत झालं. ही सवलत आधीच द्यायला हवी होती.

सुट्ट्यांचंही नियोजन झालं. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते. स्थानिक माणसं पाडवा-भाऊबीज करून परततात तेव्हा बिहारची माणसं गावी असतात. दोन्ही सुट्ट्या आधी मांडल्या तर एकमेकांना पूरक होतात. आता फेटलिंगची माणसं दोन तुकड्यांत जातात, एक छठला आणि एक होळीला, आणि परतीचं तिकीट कंपनी काढते. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच आहे आणि नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण साठच दिवस आधी उघडतं, म्हणून तारखा दसऱ्याच्या बऱ्याच आधी पक्क्या कराव्या लागतात. परतीचं तिकीट हातात असलं की माणूस परत येतोच असं नाही. पण गाडी मिळाली नाही हे कारण तरी उरत नाही.

काय झालं

चार-पाच महिन्यांत बाहेरचे ढीग संपले. पहिल्या महिन्यात सोडून जाणाऱ्यांची संख्या बरीच घटली, वर्षाकाठी नव्याने घ्याव्या लागणाऱ्यांची संख्या निम्म्याच्या खाली आली. दोन गल्ल्या सोडून गेलेल्यांपैकी काही परत आले आणि येताना आपल्या गावचे एक-दोघं घेऊन आले. ठेकेदाराशिवाय माणसं कुठून आणणार हा प्रश्न असा, काहीसा आपोआप, सुटला.

फेटलिंगचा किलोमागचा खर्च वाढला. फ्लॅश पातळ झाल्यामुळे ग्राइंडिंग व्हील कमी लागू लागले आणि भंगार घटलं, त्यातून थोडी भरपाई झाली, पूर्ण नाही. ट्रॅक्टर कंपनीने इशारा मागे घेतला, पण भाव वाढवून दिला नाही.

आयटीआयच्या मुलांचा प्रयोग फसला. २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून काही मुलं आली. आयटीआय झालेल्याला तेव्हा महिन्याला आठ हजार रुपये विद्यावेतन सरकारकडून मिळायचं, त्यामुळे कंपनीवर भार नव्हता. पण मुलांना फेटलिंगला लावायचं की लॅब आणि तपासणीत, हे कोणी ठरवलं नव्हतं. आठवडाभर ग्राइंडर धरल्यावर दोघे आलेच नाहीत. उरलेल्यांना तपासणीत बसवलं तर त्यांना काय शिकवायचं याची तयारी नव्हती. मुदत संपल्यावर एक राहिला, बाकीचे भरतीच्या मैदानावर किंवा चाकणला.

वेगळं काय करता आलं असतं

गेटवरची वही वर्षानुवर्षं तिथेच होती. ती महिन्याला तासभर पाहिली असती तर निदान दोन वर्षं आधी कळलं असतं की अडचण भरतीची नाही. पण फेटलिंगची माणसं ठेकेदाराची, म्हणून त्यांचं येणं-जाणं हा कंपनीने आपला विषयच मानला नाही.

ठेकेदाराशी बोलणी दिवाळीच्या आधी सुरू करणं ही चूक होती. पावसाळ्यात, ऑर्डर कमी असताना हेच केलं असतं तर त्याच्या धमकीला धार नसती आणि नऊ-दहा अनुभवी हात कदाचित गेले नसते. ते जड मालावरचे होते, नव्या रचनेत त्यांचं नुकसान होणार हे आधीच दिसत होतं. त्यांना सहा महिन्यांसाठी फरक भरून देण्याचा पर्याय कोणी मांडला नाही. तो मांडला असता तर खर्च किरकोळ होता.

आयटीआयच्या मुलांना फेटलिंगची माणसं म्हणून पाहणं मुळात चुकीचं होतं. तपासणी, पॅटर्न, भट्टीवरची लॅब इथे त्यांची वाट तयार करून, दोन वर्षांनी कोणत्या पदावर आणि किती पगारावर असशील हे कागदावर लिहून दिलं असतं, तर लग्नाच्या बैठकीत सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी असतं.

धुळीचा प्रश्न अजून अर्धाच आहे. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतला, कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. धूळ खेचणारी यंत्रणा सध्या निम्म्या बाकांवर बसली आहे. माल आळीपाळीने फिरतो, पण माणसाचं बाक ठरलेलं असतं. त्यामुळे यंत्रणेच्या बाजूचं बाक मिळावं म्हणून आता सुपरवायझरकडे शब्द टाकायला सुरुवात झाली आहे. उरलेल्या बाकांच्या खर्चाचा निर्णय मालकांनी ग्राहकाच्या पुढच्या भावबैठकीपर्यंत लांबवला आहे. तो तोवर थांबू नये, असं मी लेखी कळवलं आहे.